दोन डोकी, तीन पाय

मुंबईच्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरनं माझ्या पायाची पट्टी सोडली, वाकून बघितलं आणि बोलला, "पाय काढावा लागेल. उद्या सकाळी."

मी विचारलं, "मग कन्यादान कोण करणार?"

त्याला वाटलं, तापात बरळतोय. त्यानं माझ्या बायकोकडे बघितलं. ती बोलली, "बरळत नाय ते. मुलीचं लगीन ठरलंय माघात."

"पाय ठेवला तर माघापर्यंत हे राहणार नाहीत," डॉक्टर बोलला. चांगला माणूस. गोड बोलत बसला असता तर मी तिथून पळून आलो असतो.

ही साठ सालानंतरची गोष्ट. तारापूरकडे अणुवीज केंद्राचं काम तेव्हा सुरू झालं होतं. मी चिंचणीचा. केळी-नारळाची वाडी, चौथीपर्यंत शाळा. बायकोचं नाव मथुरा. ती होती तोवर मी ते नाव कधी तोंडानं घेतलं नाही, "कुसुमची आई" असंच बोलायचो. गेल्या वैशाखात ती गेली. आता नाव लिहितो. ओ द्यायला कोणी नाही.

कोणाचा पाय कापायचा ठरला की त्याच्या घरची माणसं माझ्याकडे येतात. विचारतात, दुखतं का? दुखतं. पण त्यांना विचारायचं असतं ते दुसरंच, आणि ते विचारायची लाज वाटते. यापुढे आमचा माणूस पंगतीत, पाटावर, चार लोकांत धरला जाईल का? मलाही तेच विचारायचं होतं. म्हणून हे लिहून ठेवतो.

काटा

दांडी गावात माझा एक मैतर होता, त्याची होडी किनाऱ्याला लागली होती. जाळं झाडायला मी हात लावला. वाळूत एक शिंगाळा पडला होता. त्या माशाच्या पाठीवर काटा असतो, विखारी. माझा उजवा पाय त्यावर पडला. काटा उपसला, चुना-हळद भरली, घरी आलो. केळीचे घड उतरायला झाले होते, व्यापारी बोईसरला माल मागत होता. आठ दिवस तसाच लंगडत वाडीत फिरलो. मथुरा रोज बोलायची, "दाखवा कोनाला तरी." मी रोज बोलायचो, "उद्या." यात दोष कोणाचा नाही, माझाच.

नवव्या दिवशी पाऊल काळं झालं आणि मला शुद्ध राहीना. धाकटा भाऊ दामू रस्त्यावर उभा राहिला आणि सिमेंटचा रिकामा ट्रक थांबवला. ड्रायव्हर उत्तरेकडचा. माझा पाय बघून त्यानं स्वतःची वळकटी माझ्या पाठीखाली घातली, बोलला, "लेट जाओ भाई, गड्ढा आयेगा तो मैं बोल दूँगा." बोईसर स्टेशनपर्यंत प्रत्येक खड्ड्याआधी तो ओरडून सांगत होता. पालघरला उतरून तिथल्या डॉक्टरला दाखवलं, त्यानं हातही न लावता पुढच्या गाडीनं मुंबईला धाडलं. त्या ड्रायव्हरचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

खाट

पाय गेला. गुडघ्याखाली वीतभर ठेवला. शुद्धीवर आलो तेव्हा चादर एका बाजूनं सपाट दिसली आणि मी तोंड फिरवलं.

इस्पितळाचा दिवस म्हणजे एकच गोष्ट. सकाळी पट्ट्या बदलायची गाडी यायची, तिचं एक चाक कुरकुरायचं. दाराशी ते चाक वाजलं की वॉर्डातली सगळी मोठी मोठी माणसं गप्प व्हायची. माझी खाट सातवी. सहा जणांचं कण्हणं ऐकून मग माझी पाळी. गाडी पुढे गेली की चहा यायचा. तो चहा मी कधी विसरणार नाही, इतका पांचट होता आणि इतका गोड लागायचा.

मथुरेला चार ते सहा आत सोडायचे. ती यायची, खाटेच्या पायथ्याशी बसायची आणि उरलेला पाय चेपायची. एकदा मी ओरडलो, "तो चांगला हाय, त्याला काय चेपतेस?" ती बोलली, "आता दोघांचं काम त्याला एकट्याला करायचं हाय."

पट्टी करणारी सिस्टर वसईकडची, किरिस्तांव. तोंडानं फटकळ, हात मऊ. एक दिवस मी तिला सांगितलं, आमच्या देव्हाऱ्यात पितळेचा रांगता बाळकृष्ण होता. त्याचा हात तुटला. भंगलेला देव पुजत नाहीत आमच्यात. मीच त्याला फडक्यात गुंडाळून समुद्रात सोडून आलो. आता पुजेच्या पाटावर माझं काय काम? मलाही सोडा.

ती बोलली, "आधी त्या खिडकीपर्यंत कुबड्यांवर चालून दाखव. मग समुद्राचं बघू."

पण दुसऱ्या दिवशी पट्टी बांधताना आपण होऊन तिनं सांगितलं. त्यांच्या धर्माच्या पुस्तकात एक जन्मापासूनचा आंधळा आहे. देवाला त्याचे चेले विचारतात, हा असा का जन्मला? पाप याचं की आईबापाचं? देव सांगतो, कोणाचंच नाही.

आमच्या आळीतल्या एका बाईनं मथुरेला आधीच ऐकवलं होतं, मागच्या जन्मीचं काही असेल म्हणून. "कोणाचंच नाही" हे कोणी असं सरळ सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"मग पुढं काय झालं त्याचं?" मी विचारलं.

"देवानं डोळे दिले."

"हां, म्हणजे तेच," मी बोललो. "आमच्या कीर्तनात कुबड आलेली बाई येते, देव हनुवटी धरून तिला सरळ करतो. तुमचा देव आंधळ्याला डोळे देतो. ज्याला काय मिळत नाही, जो तसाच राहतो, त्याचं काय? माझा पाय काय उगवणार नाय, सिस्टर."

ती फटकळ बाई, पण खोटं बोलली नाही. "ते मला ठाऊक नाही," बोलली, आणि गाडी घेऊन आठव्या खाटेकडे गेली.

घर

इस्पितळातून सुटलो की आजार संपला असं वाटतं. तसं नसतं. इस्पितळात सगळेच अधू, घरी तुम्ही एकटे. दामू मला सकाळी पाठुंगळी घेऊन परसाकडे न्यायचा. तो हसतमुख, पण मला त्याच्या पाठीवर मेल्यासारखं व्हायचं. मी त्याच्याशी भांडायचो. मथुरेनं ताट पुढ्यात सरकवलं म्हणून एकदा ताट भिरकावलं, का तर आधी मी पाटावर जाऊन बसायचो आणि आता पाट माझ्याकडे यायचा. तिनं भात गोळा केला, कोंबड्यांना टाकला, आणि मला दिवसभर उपाशी ठेवलं. बरं केलं.

एक सांगतो. ज्याचा पाय गेला त्याच्यावर दया करा, पण त्याची मस्ती चालवून घेऊ नका.

लग्न माघात, कुसुम अठराची. मुलगा उमरोळीचा, केंद्राच्या कामावर फिटर. लग्नाआधी मुलीच्या आईबापांना पाटावर बसून होम करावा लागतो, त्याला ग्रहमख म्हणतात. मग कन्यादान. कन्यादान म्हणजे बापानं पोरीचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायचा. एकुलती एक पोर. मी दामूला बोलून टाकलं, "तू आणि तुझी बायको बसा. मी आतल्या खोलीतून बघीन."

कुसुम विळीवर नारळ खवत होती. मान वर न करता बोलली, "काका कन्यादान करनार तर मंग काकांचीच मुलगी द्या. मी कशाला पायजे?"

दामूला दोन मुलगेच. तो बोलला, "ऐकलंस? आता मला मुलगी कुठून आनू?" सगळे हसले. मी हसलो नाही.

याद

याद करायच्या दिवशी, म्हणजे लग्नात कोणी काय करायचं ते ठरवायला, उमरोळीचे व्याही आले. ओटीवर आम्ही चौघं. व्याही, गावचे भटजी, दामू आणि मी. माझ्यासाठी शाळेतून खुर्ची आणली होती. मथुरा दाराआड.

सगळं ठरलं, सुपारी तेवढी फोडायची राहिली, तेव्हा व्याही घसा खाकरून बोलले, "दादा, राग मानू नका. पाटावर दामूशेट बसतील ना? आमच्यात दोन-चार जुनी मानसं हायत. ती बोलतील."

व्याही वाईट नव्हते. माणसांना भ्यायचे एवढंच.

मी भटजींकडे बघितलं. हा माणूस कोणाची भीड ठेवणारा नव्हता. मी बोललो, "तुम्ही सांगा. शास्त्र काय बोलतं?"

भटजींनी उपरण्यानं तोंड पुसलं. "शास्त्र विचाराल तर होमाला बसणारा अव्यंग असावा, अंगहीनाला तो अधिकार नाही, असंच आम्हाला शिकवलंय. माझ्या पदरचं सांगत नाही."

झालं. मला वाटलं एकदाचं सुटलो. पण खुर्चीचा हात काही माझ्या मुठीतून सुटेना.

तेवढ्यात मथुरा चहा घेऊन बाहेर आली. पुरुषांच्या बोलण्यात ती कधी पडत नसे. कप ठेवला आणि बोलली, "भटजीबोवा, रथसप्तमीला मी अंगनात सूर्याचा रथ काढते. तो रथ हाकनाऱ्याला पाय नायत, मांड्याच नायत, असं तुमीच देवळात सांगितलंत. सांगितलंत की नाय?"

"सांगितलं."

"त्याचा भाऊ तर गरुड. चांगला धडधाकट. मंग सूर्य असं का नाय बोलत, की तू उतर खाली, तुझ्या भावाला बसव?"

दामूच्या नाकात चहा गेला. पुढे कितीतरी वर्षं वाडीतले गडी त्याला गरुडशेट बोलायचे.

भटजी बोलले, "वहिनी, ते देवांचं झालं. आपण माणसं."

"शास्त्र पन देवांनीच सांगितलं ना?" मथुरा बोलली आणि आत गेली.

भटजींनी चहा अर्धा ठेवला. छत्री उचलली. "मला उद्यापर्यंत वेळ द्या," असं बोलून पायऱ्या उतरले. व्याही सुपारी हातात घेऊन बसून राहिले, मग तेही गाडीला गेले.

त्या दिवशी मी मथुरेवर चिडलो. "आता लग्न मोडलं तर?" तिलाही तीच भीती होती, हे मला तिच्या हातावरून कळलं. ती निवडलेले तांदूळ परत निवडत होती.

भटजी

दुसऱ्या दिवशी दुपारी भटजी आले. अंगावर ओलं धोतर, पायात काही नाही, डोक्यावर ऊन. आम्ही दोघं ओटीवर होतो. मी खाली घोंगडीवर बसलो होतो, मथुरा शेजारी, माझ्या तुटक्या पायाच्या खुंटाला तेल लावत. ती उठायला लागली तर भटजी बोलले, "बसा. उठू नका." आणि समोरच्या पायरीवर बसले. आमच्यापेक्षा खाली. त्या काळात हे होत नसे.

"मी जेवलो नाही अजून," ते बोलले. "जेवणाआधी रोज अग्नीत भाताची आहुती टाकतो. टाकण्याआधी अग्नीचं रूप म्हणायचं असतं, तो दिसतो कसा ते. आठव्या वर्षी माझी मुंज झाली, तेव्हापासून म्हणतोय. रोज. होमाला तर मोठ्यानं म्हणतो, तुमच्या लग्नातसुद्धा मीच म्हटलं. आज म्हणता म्हणता जीभ थांबली."

"काय असतं त्यात?" मथुरेनं विचारलं.

"त्याला सात हात. चार शिंगं. सात जिभा. दोन डोकी." ते थांबले. "आणि तीन पाय."



"तीन?" मी बोललो.

"तीन. दोन नाहीत, चार नाहीत. आणि लगेच पुढे काय आहे ठाऊक आहे? तीन पायांचा, प्रसन्न चेहऱ्याचा, सुखानं बसलेला. बसलेला! इतकी वर्षं हे माझ्या तोंडातून गेलं. अर्थ ठाऊक नव्हता असं नाही. ठाऊक होता. पण कधी बघितलंच नाही."

मी पुढे सरकलो. इस्पितळातला माझा प्रश्न माझ्या तोंडून आपोआप निघाला. "मग त्याला कोणी बरा नाही केला? चौथा पाय दिला, की एक काढून दोनावर आणला?"

"नाही," भटजी बोलले. "कोणी काही केलं नाही. तो तसाच आहे, पहिल्यापासून. आणि आपण देवांना जे जे देतो ते त्याच्या तोंडात घालतो, तेव्हा देवांना पोचतं. तो नाही तर सगळे देव उपाशी."

ते ऐकून मला काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी शिकलेला नाही. चुलीत, दिव्यात, विडीच्या टोकावर मी जन्मभर ज्याला बघत आलो, तो असा आहे आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. समुद्र पहिल्यांदा बघितलेल्या माणसासारखं झालं, आणि मी तर समुद्रावरच जन्मलेला.

मथुरा बोटं मोजत होती. माझं डोकं, तिचं डोकं. तिचे दोन पाय, माझा एक. तिनं परत मोजलं.

"दोन डोकी, तीन पाय," ती हळू बोलली. "भटजीबोवा, म्हंजे पाटावर आमी दोघं बसलो की तसंच की." मग आमचे हात बघून बोलली, "हात तेवढे तीन कमी पडतात."

मला हसू आलं. पाय गेल्यापासून पहिल्यांदा. भटजी हसले नाहीत. त्यांनी पायरीवर बसल्या बसल्या हात जोडले आणि आम्हाला नमस्कार केला. मला इतकी लाज वाटली की मी तेलाची वाटी सांडली.

"एक सांगतो," जाताना ते बोलले. "बसू नये असंही शास्त्रात आहे. ते मला पुसता येणार नाही. हेही आहे, तेही आहे. पण ज्याच्यापुढे तुम्हाला बसायचंय तोच तीन पायांचा, तर बसणाऱ्याचे पाय मी मोजणार नाही."

त्याच दिवशी ते बोईसरला जाऊन गाडीनं उमरोळीला गेले. व्याह्यांनी विचारलं, "मानसं बोलली तर?" भटजी बोलले, "त्यांना माझ्याकडे पाठवा." हे मला व्याह्यांनीच नंतर सांगितलं.

पाट

ग्रहमखाच्या सकाळी मी घामानं भिजलो होतो. कापायच्या दिवशी भ्यालो नव्हतो इतका भ्यालो. दामूनं मला उचलून पाटावर बसवलं. मी एका बाजूला कलायला लागलो, तर त्यानं खुंटाखाली घोंगडीची घडी सारली. खुंट झाकायला मी उपरणं ओढलं. मथुरेनं ते हळूच बाजूला केलं. "गरम होईल तुमाला," बोलली.

व्याह्यांकडची दोन म्हातारी माणसं माझा खुंट बघून मांडवातून उठून गेली. जेवायला मात्र परत आली.

भटजींनी अग्नी पेटवला. होम चालू असताना बायकोनं नवऱ्याच्या हाताला हात लावून बसायचं असतं. मथुरेची चार बोटं माझ्या मनगटावर होती, थंड. भटजी म्हणत गेले आणि त्या जागी आल्यावर त्यांनी आवाज चढवला, थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि तेवढेच शब्द परत म्हटले. मांडवात कोणाला काही कळलं नाही. आम्हा तिघांना कळलं.

मी आगीकडे बघत राहिलो. खोटं कशाला बोलू, पाय दिसतात का तेच बघत होतो. पाय काही दिसले नाहीत. पण ती ज्योत एका जागी उभी राहत नव्हती. या बाजूला झुकायची, सावरायची, परत झुकायची, कुबडीवरचा माणूस चालतो तशी. तरी तिच्यासमोर सगळा मांडव हात जोडून बसला होता. तूप टाकायला मी हात पुढे केला. भीती उरली नव्हती.

मग कन्यादान. मथुरेनं पाण्याची धार धरली. कुसुमचा हात मी माझ्या हातानं दिला. तो दिला तेव्हा मला पायाची आठवणही नव्हती.

निरोपाच्या वेळी मी कुबड्या घेऊन अंगणात उभा राहिलो. शेजारी मथुरा, अगदी खांद्याला खांदा लावून, मी पडू नये म्हणून. कुसुम पाया पडायला वाकली. आधी बापाच्या, मग आईच्या, अशी रीत. तिनं तसं केलं नाही. एक हात माझ्या पावलावर ठेवला, दुसरा आईच्या पावलावर, आणि दोन्हींवर एकदमच डोकं टेकलं. कोणी शिकवलं नव्हतं तिला. पुढे जेव्हा जेव्हा माहेरी आली, तेव्हा आम्हाला शेजारी शेजारी उभं करून ती असंच करायची.

मथुरा गेल्यापासून कुसुम चार वेळा येऊन गेली. वाकते, एक हात माझ्या पावलावर ठेवते. दुसरा हात कुठे ठेवायचा ते तिला अजून समजत नाही.